‘घरी न्या, सेवा करा’ : पण सेवा कोणी करायची?

‘आता आमच्या हातात काही राहिले नाही. घरी न्या, सेवा करा.’ हे वाक्य भंडारा जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांना पाठ झाले आहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून रुग्णाची गाडी परत येते. सोबत फायलींची पिशवी, एक्स-रेचे पाकीट आणि उसनवारीचा हिशेब असतो. गाव तुमसर तालुक्यातले असो की पवनीचे, साकोलीचे असो की लाखांदूरचे, चित्र सारखेच. ओसरीत बाज टाकली जाते, रुग्णाला तिच्यावर निजवले जाते. तेथून पुढे त्या घराचे काय होते हे पाहायला ना डॉक्टर येतो, ना शासन येते, आणि खरे बोलायचे तर ना चळवळ येते.

हा रुग्ण कोण असतो? धानाच्या बांधीत कंबर मोडेपर्यंत रोवणी केलेली बाई असते. तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दिवसाला शेकडो विड्या वळून संसार ओढणारी आजी असते. पानठेल्यावर खर्रा घोटून गालात ठेवण्याची सवय लागलेला चाळिशीतला मजूर असतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी झाडीपट्टीतल्या माणसाच्या गालातली सुपारी-तंबाखूची गोळी सुटली नाही. तोंडाचा कर्करोग हा आमच्या वस्तीत पाहुण्यासारखा येत नाही, भाडेकरूसारखा राहतो. आणि याच बाजेवर कधी जयंतीच्या मिरवणुकीत तीस वर्षे निळा झेंडा धरणारा, नामांतरासाठी लाठ्या खाल्लेला कार्यकर्ताही असतो. त्याच्या निधनानंतर शोकसभा होते, भाषणे होतात, फोटोला हार चढतो. पण शेवटचे तीन महिने त्याच्या गालाच्या जखमेला वास येत होता म्हणून कोणी ओसरीच्या पायरीच्या वर चढले नव्हते, हे शोकसभेत कोणी सांगत नाही.

आज हा विषय घेण्याचे कारण आहे. ऑक्टोबर महिना आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ ची आठवण देणारा महिना. दीक्षाभूमीकडे जाणारी पावले याच महिन्यात निघतात. याच महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जगभर हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिन पाळला जातो. हॉस्पिस म्हणजे बरा न होणारा रुग्ण जेथे वेदनेशिवाय, मानाने आपले शेवटचे दिवस काढू शकतो ते घर. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग हटत नसला तरी रोग्याचे दुःख हटवण्याचा उपचार. हे काम करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, आया आणि विनामोबदला येऊन बसणारे स्वयंसेवक यांचे आभार मानावेत, यासाठी हा अग्रलेख. आपल्या वर्तमानपत्रांतून आभार मानण्याचा प्रसंग क्वचितच येतो. अन्यायाची यादीच इतकी मोठी असते की आभाराला जागा उरत नाही. परंतु ज्याला आभार मानता येत नाहीत त्याला आपल्यावर काय सोपवले आहे हेही कळत नाही, असे आम्हाला वाटते.

या कामाचा आधुनिक इतिहास एका परक्या, गरीब माणसाच्या कृतज्ञतेतून सुरू होतो हे आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला ज्यू कर्करोगाने मरत होता. हॉटेलात वेटरचे काम करणारा, घरदार तुटलेला, वंशद्वेषाने ज्याच्या समाजाची राखरांगोळी केली असा हा निर्वासित. त्याच्याशी येऊन बोलणारी, त्याचे ऐकून घेणारी रुग्णसेविका होती सिसिली सॉन्डर्स. मरताना त्याने आपली शिल्लक ५०० पौंडांची रक्कम तिच्या स्वाधीन केली. तिने बांधायच्या घराला आपण एक खिडकी व्हावे ही त्याची इच्छा. त्या बाईने पुढे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला, डॉक्टर झाली आणि १९ वर्षांनी, १९६७ साली, लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. दुखणे फक्त शरीराचे नसते; त्यात मनाचे, पैशाचे, घराचे आणि एकटेपणाचे दुखणे मिसळलेले असते, हा विचार तिने वैद्यकशास्त्राला दिला. ‘दुःख आहे’ या आर्यसत्यापासून सुरुवात करणाऱ्या धम्माच्या अनुयायांना हा विचार परका वाटू नये.

आपल्या देशात पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केले, ते ‘शांती आवेदना’. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करुग्णांसाठी विनामूल्य शुश्रूषेचे केंद्र चालू आहे. नागपुरात ‘स्नेहांचल’ ही संस्था हेच काम करीत आली आहे. दादरला गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या गोरगरीब कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना तेथे आसरा मिळतो. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि बाबासाहेबांवर अपार माया करणाऱ्या त्या माणसाच्या नावाने हे चालावे, यात आम्हाला औचित्य दिसते.

पण या साऱ्याच्या फार आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, तथागतांनी काय केले ते आठवा. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता. स्वतःच्याच मलमूत्रात तो पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो आता कोणाच्याच उपयोगाचा राहिला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून तथागतांनी विचारले की, तुम्हाला येथे ना आई आहे, ना बाप. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या मानवतेविषयी लिहिताना ही कथा घेतली आहे. चमत्कार गाळून बुद्ध सांगणाऱ्या बाबासाहेबांना ही घाण धुण्याची कथा गाळावीशी वाटली नाही, यातच सारे आले.

विनयपिटकात याच कथेच्या पुढे शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय सोसते, काय सोसत नाही हे कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, ओकारी यांची त्याला किळस वाटू नये. आणि रुग्णाच्या मनाला धम्माच्या बोलण्याने उभारी देता यावी. आज जगातल्या कोणत्याही हॉस्पिसमध्ये नवीन माणसाला हेच शिकवतात. आणखी एक गोष्ट तेथे आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. भिक्खू मरण पावला की त्याचे चीवर आणि पात्र संघाचे होते. परंतु ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना ते देण्यात यावे, असा नियम झाला. आणि शुश्रूषा करणारा साधा श्रामणेर असला तरी त्याला सारखाच वाटा मिळावा, असेही ठरले. कृतज्ञता तोंडाने बोलून थांबत नाही, ती वाटणीत उतरते, हा त्याचा अर्थ.

कुशीनारा येथे तथागत स्वतः मृत्युशय्येवर होते तेव्हा आनंद दाराच्या चौकटीला टेकून रडत होता. तथागतांनी त्याला जवळ बोलावले आणि त्याने इतकी वर्षे कायेने, वाचेने, मनाने मैत्रीपूर्वक केलेल्या सेवेची सर्वांसमक्ष स्तुती केली. ज्याच्या घरचे जेवण शेवटचे ठरले त्या चुंदाला कोणी दोष देऊ नये, याचीही काळजी त्यांनी घेतली. मरणाऱ्याने सेवा करणाऱ्याचे आभार मानणे आणि त्याच्या मनावर अपराधाचे ओझे राहू न देणे, हे महापरिनिब्बानाच्या प्रसंगातले दोन धडे आहेत.

आता थोडे आपल्या घरातले, आणि थोडे बोचणारे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ १९५७ साली त्यांच्या पश्चात निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. भगवान दास यांनी पुढे १९८० साली ती प्रकाशात आणली. या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या ढासळलेल्या प्रकृतीचा उल्लेख करून, आपण वाचलो आणि हे काम पुरे करू शकलो ते पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशी स्पष्ट कृतज्ञता व्यक्त केली आहे. म्हणजे धम्माचा जो ग्रंथ आज घराघरात आहे, त्याच्यामागे एका शुश्रूषेचा हात आहे, असे ग्रंथकर्ता स्वतः सांगतो. आणि आपण काय केले? ६ डिसेंबर १९५६ नंतर दुःखाने सैरभैर झालेल्या समाजाने त्या शुश्रूषा करणाऱ्या बाईवर, माईसाहेबांवर, संशयाची बोटे रोखली. शासकीय चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी माईसाहेबांना कितीतरी वर्षे एकाकीपणात काढावी लागली. २००३ साली त्यांचे निधन झाले. दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी २६, अलीपूर रोडवर येऊन टंकलेखन करणारे आणि शेवटच्या रात्री बाबासाहेबांचे पाय चेपणारे नानकचंद रत्तू, स्वयंपाक करणारा सुदामा, यांची नावे तरी आपल्या मुलांना किती सांगतो आपण?

हा विषय उकरून काढण्याचा आमचा हेतू कोणाला दोष देण्याचा नाही. पण आजही आपल्या घरांतून हेच घडते. आजारी सासऱ्याला सहा महिने धुऊनपुसून खाऊपिऊ घालणाऱ्या सुनेला, तो गेल्यावर दिवसकार्याला आलेली मंडळी विचारतात, ‘नीट पाहिले होते ना?’ शेवटच्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून आलेला मुलगा ‘मोठ्या दवाखान्यात का नेले नाही’ म्हणून बहिणीवर ओरडतो. सेवा करणाऱ्याच्या वाट्याला आभाराऐवजी झाडाझडती येते. आपण ही रीत मोडली पाहिजे.

येथे एक आक्षेप येणार, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. चळवळीचा माणूस ‘सेवा’ आणि ‘कृतज्ञता’ या दोन्ही शब्दांकडे संशयाने पाहतो, आणि त्याचे चुकत नाही. शतकानुशतके या समाजाला मरणाशी बांधून ठेवले होते. मेलेले जनावर ओढायचे ते महाराने. मयताची खबर ऊनपाऊस न पाहता परगावी पोचवायची ती महाराने. सरणाची लाकडे वाहायची ती महाराने. त्याबद्दल शिळे तुकडे आणि मयताच्या अंगावरचे कापड. हे सारे सोडा, असे बाबासाहेबांनी बजावले आणि समाजाने ते सोडले. त्याची किंमत म्हणून बहिष्कार सोसले. मग आता पुन्हा मरणाऱ्याची घाण धुवायला आम्हीच जायचे का? आणि कृतज्ञतेचे म्हणाल, तर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकोनेल याचा दाखला देऊन कृतज्ञतेलाही मर्यादा असते, स्वाभिमान विकून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असेच सांगितले नाही काय?

सांगितले, आणि तेच आमचे उत्तर आहे. त्याच ठिकाणी, ज्यांनी आयुष्यभर सेवा केली त्यांच्याविषयी कृतज्ञ असण्यात काही वावगे नाही, असेही बाबासाहेब म्हणाले होते. महारकी ही जन्माने लादलेली होती. तिला नकार देण्याची सोय नव्हती, मोबदला ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याचे प्रेत उचलायचे त्याच्या दारात जिवंतपणी उभे राहण्याची मुभा नव्हती. आजारी भिक्खूला उचलणारे तथागत कोणाच्या हुकमाने वाकले नव्हते. प्लेगच्या साथीत, १८९७ साली, मुंढव्याच्या महारवाड्यातले तापाने फणफणलेले पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्यांचा अंत झाला. त्यांना ही सेवा कोणी नेमून दिली नव्हती. नेमून दिलेले मरणाचे काम सोडणे हा पहिला विजय. आपल्या मर्जीने, शिकून, बरोबरीच्या नात्याने माणसाच्या उशाशी बसणे ही त्याच्या पुढची पायरी. ज्याच्या उशाशी बसायचे त्याची जात न विचारणे, हे तर आपल्यालाच शोभते.

मात्र दवाखान्यांत अजूनही जन्मावरून वाटलेली कामे दिसतात, तिकडे डोळेझाक नको. बेडपॅन कोण उचलते? रक्ताची चादर कोण बदलते? शेवटचा श्वास गेल्यावर देहाला कापूस कोण लावते? त्या आया, ते वॉर्डबॉय, ते सफाई कामगार मोठ्या संख्येने कोणत्या समाजातून येतात हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. त्यांतले कितीतरी कंत्राटी आहेत. पगार वेळेवर नाही, हातमोजे पुरेसे नाहीत. हॉस्पिसच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देणगीदाराला मिळते, भाषणात डॉक्टरांचे नाव येते, आणि ज्या बाईने रात्री तीन वाजता रुग्णाला कुशीवर वळवले तिचे नाव पत्रिकेत नसते. श्रामणेरालाही सारखा वाटा, हा विनयाचा नियम येथे लावा. या आयांना कायम नोकरी, किमान वेतन आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय हॉस्पिसविषयीची समाजाची कृतज्ञता खरी मानता येणार नाही.

आता वेदनेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती मिळते. गरज असलेल्यांतले बहुसंख्य गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आहेत. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून औषधे बनतात. आणि याच देशातला मजूर ‘आई गं’ म्हणत भिंतीला डोके आपटून मरतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी जंत्री लावली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. डॉ. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या इतरांनी वर्षानुवर्षे केलेल्या प्रयत्नांनंतर २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने रुग्ण व्यसनी होतो ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. तरीही गोळी गावापर्यंत पोचत नाही.

पूर्व विदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती सिकलसेलची. आदिवासी, बौद्ध आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. क्रायसिस आली की हाडे, सांधे, छाती यांत अशा कळा उठतात की पंधरा वर्षांचे पोर गुरासारखे ओरडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. तपासण्या होतात, कार्डे वाटली जातात, हे चांगलेच आहे. पण रात्री कळ उठली की त्या पोराला काय द्यायचे? गरिबाच्या पोराचे ओरडणे पुष्कळदा नाटक समजले जाते. कोणाची वेदना खरी मानायची आणि कोणाची नाही, यातही विषमता असते. वेदनामुक्ती ही केवळ मरणाऱ्याची गरज नाही, जगणाऱ्याचीही आहे.

शासनाने काय करायचे ते कागदावर लिहिलेलेच आहे. २०१२ साली केंद्राने पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिचा समावेश आहे. गावपातळीवरील आरोग्य केंद्रांनी द्यावयाच्या सेवांच्या यादीत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या योजनेतून कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, किमो होते. पण त्यानंतर घरी परतलेल्या माणसाच्या बाजेपर्यंत ती योजना चालत येत नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात येतो असा निकाल दिला. तेव्हा ही भीक नव्हे, संविधानाचा हक्क आहे. याच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा नवजात बालके गेली. जन्माच्या दाराशी आणि मरणाच्या दाराशी गरीब माणूस सर्वांत असहाय असतो. त्या दोन्ही दारांवर शासनाची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. जिल्हा रुग्णालयात वेदनामुक्तीचा कक्ष पूर्ण वेळ चालावा, मॉर्फिन तालुक्यापर्यंत पोचावे आणि आठवड्यातून एकदा परिचारिका घरी यावी, या मागण्या निवेदनांत आल्या पाहिजेत.

परंतु निवेदन देऊन घरी बसण्याची सवय आपण सोडू या. केरळात काय झाले ते पाहा. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनामुक्तीचा छोटा दवाखाना सुरू केला. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की डॉक्टर कितीही वाढवले तरी पुरणार नाहीत. मग मलप्पुरम आणि आसपासच्या भागात शेजाऱ्यांचेच जाळे उभे राहिले. विद्यार्थी, रिक्षावाले, मजूर, गृहिणी यांनी शिकून घेतले, पै-पैशाची वर्गणी गोळा केली, परिचारिका नेमली आणि घरोघर जायला सुरुवात केली. २००८ साली केरळ सरकारला त्यावर धोरण करावे लागले आणि ग्रामपंचायतींनी हे काम उचलले. आधी माणसे उभी राहिली, मग सरकार उभे राहिले.

आमच्याकडे काय कमी आहे? गावोगाव विहार आहे. रमाई महिला मंडळ आहे. जयंतीची समिती आहे, तिच्याकडे वर्गणीची वही आहे. बौद्ध महासभेची शाखा आहे, समता सैनिक दलाची मुले आहेत. निवृत्त परिचारिका आणि शिक्षक आहेत. एका विहाराने दहा माणसे निवडावीत, त्यांत निम्मे पुरुष असावेत असा आग्रह धरावा; सेवा म्हणजे बायकांचे काम हा मनुस्मृतीचा उरलेला अंश आहे. प्रत्येकाने आठवड्याचे दोन तास द्यावेत. जाणत्या परिचारिकेकडून शिकून घ्यावे : रुग्णाला दर दोन तासांनी कूस कशी बदलावी म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत; तोंड कसे स्वच्छ ठेवावे; कर्करोगाच्या जखमेचा वास डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या भुकटीने कसा कमी करता येतो; गोळी दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे का द्यावी. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे पैसे वाचवले तर त्यात हवेची गादी येते, आणि ती वस्तीत वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

जाणाऱ्याने काही पथ्येही पाळावीत. रुग्णाच्या उशाशी बसून प्रवचन देऊ नये; त्याला त्रिसरण हवे असेल तर म्हणावे, गप्प बसायचे असेल तर गप्प बसावे. ‘काही होत नाही तुला’ अशी खोटी समजूत घालू नये. माणसाला स्वतःचे कळलेले असते, त्याला फक्त ते बोलायला कोणीतरी हवे असते. विडीच्या, खर्ऱ्याच्या सवयीबद्दल आता टोमणे मारू नयेत. त्याची वेळ तरुण पोरांपुढे आहे, मरणाऱ्यापुढे नाही. घरच्यांच्या घाबरेपणाचा फायदा घेऊन मांत्रिक, बाबा, गंडेदोरेवाले दारात येतात. जेथे चळवळीचा माणूस बसलेला असतो तेथे ते फिरकत नाहीत. बावीस प्रतिज्ञांचे रक्षण असेही होते. आणि जी सून, जी मुलगी, जी बायको रात्रंदिवस खपते आहे, तिला दोन तास झोपायला सांगून आपण बसावे. तिच्यासाठी हीच सर्वांत मोठी मदत असते.

जे हे काम करतात ते सांगतात की आपण द्यायला जातो आणि घेऊन येतो. मरणाच्या दारातला माणूस खोटे बोलत नाही, मोठेपणा करत नाही. पदासाठी, गटासाठी, व्यासपीठावरच्या खुर्चीसाठी भांडणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी महिन्यातून एक दुपार अशा बाजेशेजारी काढली, तर चळवळीची फाटाफूट थोडी कमी होईल असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

भंडारा जिल्ह्याचे चळवळीशी नाते जुने आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघातून बाबासाहेब उभे राहिले आणि पराभूत झाले. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीने या जिल्ह्याचे नाव जगभर गेले आणि सारा महाराष्ट्र रस्त्यावर उतरला. मारल्या गेलेल्यांसाठी रस्त्यावर उतरण्याचे बळ आपल्यात आहे, हे तेव्हा दिसले. ते बळ टिकलेच पाहिजे. आता त्याच्या जोडीला, कुठल्याही बातमीत न येणाऱ्या, ओसरीवरच्या बाजेवर हळूहळू विझणाऱ्या माणसाशेजारी शांतपणे बसण्याचे बळही आपण मिळवले पाहिजे.

ज्यांनी ते आधीच मिळवले आहे त्या सर्वांचे, हॉस्पिसमधल्या परिचारिकांचे, नाव नसलेल्या आयांचे, घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांचे, आणि आपापल्या घरात कोणाच्याही शाबासकीशिवाय ही सेवा केलेल्या हजारो आयाबहिणींचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. पुढच्या वेळी ‘घरी न्या, सेवा करा’ हे वाक्य एखाद्या घराच्या वाट्याला येईल, तेव्हा त्या घराच्या पायरीवर विहारातली दोन माणसे आधीच येऊन बसलेली असावीत. आभार खरे आहेत की नाही, ते तेथे ठरेल. जयभीम.